खण-नारळ पोचला, मी नाही

"डोंगर चढायला? अगं, या वयात?" जाऊबाईंनी विचारलं.

हळदीकुंकू, भिशी, कुणाचं बारसं, यासाठी घराबाहेर पडलं तर कुणी काही म्हणत नाही. पण सात बायकांनी नवरे-मुलं घरी ठेवून एक दिवस नुसतं भटकायला जायचं म्हटलं, की दहा प्रश्न. आम्ही कळसूबाई निवडलं त्यात थोडी चलाखी होतीच. वर देवीचं देऊळ आहे म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःहून खण-नारळ काढून दिला!

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते. दिवाळी नुकतीच झाली होती, गवत पिवळं पडायला लागलेलं. गावातल्या एका आजींनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली, पण केर-भांडी करणार नाही अशी अट घालून. एक दिवस तिला तीच कामं सांगितली. तिने केली, आणि मग सगळं टाकून डोंगरावर निघून गेली ती कायमची. आम्ही एकमेकींकडे बघून हसत सुटलो. पहाटे तीनला उठून, भांडी घासून, डबे भरून निघालेल्या बायका आम्ही!

सुरुवातीची चढण गप्पांत गेली. पहिली लोखंडी शिडी आली तशा गप्पा थांबल्या. शिड्या भक्कम आहेत, कठडेही आहेत, तरी खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तीही पार केली. दुसऱ्या शिडीच्या अलीकडे मात्र आमच्यातली एक मटकन खालीच बसली. चेहरा पांढराफटक, हात थंडगार, डोळ्यांपुढे अंधारी. मी घाबरले. बीपी, शुगर, नको नको ते मनात आलं.

शेजारी ताडपत्री बांधून सरबत विकणारी एक बाई होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "पानी कवा पिलीस?"

पहाटे चारनंतर थेंबसुद्धा नाही! बाटली भरलेली, तशीच्या तशी. का? "वाटेत जायचं कुठे?" ती हळूच म्हणाली. मग एकेकीने कबूल केलं, सगळ्यांनीच पाणी तोडलं होतं. लग्नाला जाताना, एस.टी.च्या प्रवासात, मोर्चाला जाताना आपण हेच करतो ना? जाऊ तिथे आडोसा नाही, म्हणून तहान मारायची. मी बचत गटाच्या बैठकांत जलसंजीवनी शिकवते: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी दाबून ठेवू नका, त्याने दुखणी होतात, हेही सांगते. आणि माझी बाटली? तीही भरलेलीच.

सरबतवालीने मीठ-साखर जास्त घालून लिंबूपाणी दिलं, घोट घोट प्यायला लावलं. मग तिनेच आपली जुनी साडी काढली, झुडपाआड दोघींना धरायला लावली आणि म्हणाली, "जा, लाजू नका." पाळीपाळीने सगळ्या जाऊन आलो. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

मैत्रिणीला आता बरं वाटत होतं, पण तिला पुढे चढवणं काही शहाणपणाचं नव्हतं. "तुम्ही व्हा पुढे, मी बसते," ती म्हणाली. चक्कर आलेलं माणूस एकटं सोडायचं नसतं. कोण थांबणार, यावर क्षणभर सगळ्या गप्प. खरं सांगते, मलाही वर जायचं होतं. शिखर समोर दिसत होतं. पण सगळ्यांना गोळा करून आणणारी मीच. खण-नारळ दुसरीच्या पिशवीत घातला आणि बसले.

तीन तास बसलो आम्ही दोघी. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. ते धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेवर, एवढं मला माहीत होतं. पलीकडच्या डोंगरांची नावं सरबतवालीने सांगितली. ती रोज पाण्याचे ड्रम डोक्यावर घेऊन इथवर चढते. तिला 'ट्रेकिंग' शब्द सांगितला तर ती तोंडाला पदर लावून हसली.

आता आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी निघतो. पिशवीत दोन जुन्या साड्या असतात, कागदी साबण असतो, कचरा परत आणायला वेगळी पिशवी असते. दर अर्ध्या तासाने थांबून सगळ्यांनी पाणी प्यायचं, आणि बाराच्या आत जिथे पोचू तिथून मागे फिरायचं, म्हणजे उजेडात खाली येता येतं. नवीन बूट घालून पहिल्यांदाच डोंगरावर येऊ नका, हेही जाता जाता सांगते. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

कळसूबाईचं शिखर मात्र माझं अजून राहिलंच आहे. त्या संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी प्रसाद कपाळाला लावला आणि विचारलं, "देवी कशी आहे गं?"

"छान आहे," मी म्हटलं. अजून खरं सांगितलेलं नाही.