जुन्या मालमोटारीचे ब्रेक जुळविणे व त्यांतील हवा काढणे

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे पाथरी, सेलू, मानवत या बाजूंच्या रस्त्यांवर कापसाने शिगोशीग भरलेल्या मालमोटारी दिसू लागतात. त्यांत १९८६ साली निघालेल्या टाटा ४०७ या जातीच्या जुन्या गाड्याही असतात. अशी गाडी पावसाळ्यात पुष्कळदा आवारातच उभी राहते आणि हंगाम आला की एकदम कामाला जुंपली जाते. पहिल्याच खेपेस ब्रेकचे पायडल खोल जाते. पुन्हा दोनदा दाबल्यावर गाडी थांबते. ‘दोन पंप मारले की लागतो’ असे चालक सांगतो आणि मालकही तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. रस्त्यात बैलगाडी आडवी आली असता दुसरा पंप मारण्यास अवकाश कोठून मिळणार? मालावर मजूर बसवू नयेत असा नियम असूनही ते बसलेले दिसतात, हेही येथे विसरता येत नाही.

पंप मारावा लागणे हे दोन निरनिराळ्या दोषांचे लक्षण आहे व त्यांची ओळख पायालाच पटते. पुन्हा दाबल्यावर पायडल वर येऊन दगडासारखे घट्ट लागत असेल, तर लायनर झिजून ब्रेक-शू ड्रमपासून दूर गेले आहेत असे समजावे. पायडल वर येऊनही स्पंजासारखे दबत असेल, तर तेलाच्या नळ्यांत हवा शिरली आहे. तेल दाबाने आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवा आक्रसते आणि तो जोर वाटेतच गिळते. पायडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसत असेल, तर मात्र तेल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी कप निकामी झाला आहे. तो दुरुस्त केल्यावाचून पुढील खटाटोप व्यर्थ होय.

उभ्या गाडीचे ब्रेक बिघडतात याला पावसाळाही कारणीभूत असतो. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले म्हणजे तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. भरल्या गाडीने उतारावर सारखा ब्रेक धरला की ड्रम तापतात, तेल उकळून त्याची वाफ होते आणि पायडल अकस्मात रिकामे जाते. म्हणून तेल बदलण्याचे काम वेचणीपूर्वीच उरकावे.

प्रथम शू जुळवावेत, हवा मागाहून काढावी. हा क्रम उलटा केल्यास पायडल खोलच राहते व हवा निघाली नाही असा भ्रम होतो. गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी, हातब्रेक सोडावा आणि उचललेल्या आसाखाली भक्कम ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. आपल्याकडील काळी माती ड्रमच्या मागील पत्र्यावर थापली जाऊन जुळवणीचा बोल्ट वा दातेरी चक्र पार बुजवून टाकते. ती ओली करून काढावी. कोरडी झटकू नये किंवा हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असते व ते फुप्फुसांस घातक आहे. जुळवणी चाक जाम होईपर्यंत आवळावी, पायडल एकदा दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत, मग चाक हाताने मोकळे फिरेल इतकीच सैल करावी. किंचित घासल्याचा आवाज आला तरी चालेल. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असल्यास जुळवणीने काही साधत नाही; ते एकाच आसाच्या दोन्ही चाकांना नवे बसवावेत.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. इंजिन बंद ठेवून पायडल काही वेळा दाबावे, म्हणजे सर्वोमधील निर्वात संपतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने बहुधा मागील डावे, मग मागील उजवे, पुढील डावे व शेवटी पुढील उजवे असा क्रम येतो. गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. ब्लीडर निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पायडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडावे. पायडल तळाला गेले की निपल आवळावे आणि ‘सोड’ म्हणावे. निपल बंद होण्यापूर्वी पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते. निम्म्या वेळा काम फसते ते याच घाईमुळे. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालू ठेवावे व टाकीतील तेल मधून मधून भरत राहावे. ती रिकामी झाली की आरंभापासून सुरुवात.

तेल बंद डब्यातलेच घ्यावे. इंजिनचे तेल वा रॉकेल या भागांस लावू नये. त्याने रबरी कप फुगतात. बाटलीतील जुने तेल परत टाकीत ओतण्याचा मोह आवरावा. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांना ही रीत लागू नाही.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून पायडल उंच व घट्ट लागते की नाही पाहावे. रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक लावावा. ती एका बाजूला ओढत असेल तर जुळवणी असमान आहे किंवा एखाद्या लायनरला तेल लागले आहे. चार-पाच किलोमीटर फिरून आल्यावर ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहावी. एकच चाक तापले असेल तर त्याचे शू पुन्हा थोडे सैल करावेत आणि मगच कापूस भरावा.