‘इंटिरिअर आर्किटेक्चर’मध्ये मास्टर्स केलं की आर्किटेक्ट होता येतं का? अर्ज करण्याआधी हे समजून घ्या

घरात कुणी इंटिरिअर शिकतंय म्हटलं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘आमच्या हॉलला कुठला रंग चांगला दिसेल?’ शिकणाऱ्यालाही त्याची सवय होते. पुढे डिग्री हातात येते, एखाद्या ऑफिसात मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगच्या ड्रॉइंग काढण्यात दोन वर्षं जातात, आणि मग पुढे शिकावंसं वाटतं. गुगलवर शोधताना एक भारदस्त नाव समोर येतं, ‘मास्टर्स इन इंटिरिअर आर्किटेक्चर’. नावातच आर्किटेक्चर आहे. मग हा कोर्स केला की माणूस आर्किटेक्ट होतो का?

भारतात तरी नाही. आणि ही गोष्ट कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा अर्ज करण्याआधी कळलेली बरी.

मुळात हा विषय आहे काय?

सजावट म्हणजे पडदे, रंग, दिवे, फर्निचर. इंटिरिअर डिझाइन म्हणजे त्याच्या पुढचं: जागेची आखणी, वीज-पाणी, साहित्य, सुताराला आणि प्लंबरला समजेल असं वर्किंग ड्रॉइंग. इंटिरिअर आर्किटेक्चर त्याहून पुढे जातं. उभी असलेली इमारत घ्यायची आणि तिला आतून नवं काम द्यायचं. कुठली भिंत पाडता येईल, कुठला खांब हलवायचा नाही, जिना कुठून न्यायचा, उजेड कुठून आणायचा, आग लागली तर लोक कुठून बाहेर पडतील, हे सगळं यात येतं.

याचं जगभर दाखवलं जाणारं उदाहरण लंडनमध्ये आहे. थेम्सच्या काठावरचं बँकसाइड वीजनिर्मिती केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं. ते पाडण्याऐवजी हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस आर्किटेक्ट जोडीने त्याचं कलासंग्रहालय केलं. २००० साली ते ‘टेट मॉडर्न’ म्हणून उघडलं. जिथे यंत्रं धडधडायची तो अवाढव्य टर्बाइन हॉल तसाच ठेवला, आज तिथे प्रचंड आकाराच्या कलाकृती मांडल्या जातात. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे रिझ्डीमध्ये, इंटिरिअरच्या मास्टर्सचा सगळा भर याच पुनर्वापरावर आहे.

मुंबईला हा विषय नवा नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात ऑफिसं, मॉल, रेस्टॉरंट आली ती याच वाटेने. आणि हे काम निष्काळजीपणे झालं तर काय होतं हेही तिथेच दिसलं. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. छताला काय वापरलंय आणि बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, हा ‘लुक’च्या कितीतरी आधीचा प्रश्न आहे.

नाव एकीकडे, परवाना दुसरीकडे

भारतात ‘आर्किटेक्ट’ हे नुसतं व्यवसायाचं नाव नाही, कायद्याने राखून ठेवलेली उपाधी आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्यालाच ती लावता येते. आपल्याकडे या नोंदणीचा नेहमीचा रस्ता म्हणजे पाच वर्षांचं मान्यताप्राप्त बी.आर्क. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या ३७ व्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. नोंदणी नसलेल्या माणसाला अशा प्रकारचं काम करायला हे कलम बंदी करत नाही, पण ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी मात्र त्याला वापरता येत नाही.

आता दोन विद्यार्थी समोर ठेवू. एकीचं बी.आर्क. झालंय, नोंदणीही झालीय. ती इंटिरिअर आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करते तेव्हा आधीच्या परवान्यावर एक खासियत चढते. दुसऱ्याचं इंटिरिअरमध्ये बी.डेस. झालंय. तोही तोच कोर्स करतो, त्याच वर्गात, कदाचित तिच्यापेक्षा चांगल्या ग्रेडने. परत आल्यावर त्याचं काम वाढेल, पगार वाढेल, पण व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहिता येणार नाही. ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ लिहिलं तरी त्यातला दुसरा शब्द तोच आहे, हे लक्षात ठेवावं.

देशात काही ठिकाणी हाच विषय एम.आर्क. म्हणून शिकवला जातो आणि त्याला बी.आर्क. लागतंच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात मात्र इंटिरिअरचं मास्टर्स डिझाइन विभागात आहे. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा एवढंच शिक्षण असेल तर आधी पदवी पूर्ण करावी लागते. आणि पदवी तीन वर्षांची असेल तर परदेशातली काही विद्यापीठं चौथं वर्ष मागतात.

परदेशात चित्र देशागणिक बदलतं. जर्मनीत ‘इनेनआर्किटेक्ट’ ही स्वतंत्र, संरक्षित उपाधी आहे. शिक्षण, त्यानंतर कामाचा अनुभव आणि मग त्या त्या राज्याच्या आर्किटेक्ट चेंबरकडे नोंदणी असा तिचा क्रम आहे. नेदरलँड्समध्येही इंटिरिअर आर्किटेक्टची उपाधी कायद्यात आहे आणि पदवीनंतर नोंदणीसाठी दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. म्हणजे तिथे राहून काम करायचं असेल तर या नावाला खरोखर वजन आहे. ब्रिटनमध्ये ‘आर्किटेक्ट’ राखीव आहे, ‘इंटिरिअर डिझायनर’ मोकळं. अमेरिकेत आर्किटेक्टचा परवाना वेगळा आणि इंटिरिअरवाल्यांची एनसीआयडीक्यू परीक्षा वेगळी.

एकाच विद्यापीठातही दोन दारं असतात. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये ‘इंटिरिअर अँड स्पेशियल डिझाइन’ हे इंग्रजीतून शिकवलं जाणारं मास्टर्स डिझाइन स्कूलमध्ये आहे. इटलीच्या पदवी-वर्गवारीत ते एलएम-१२, म्हणजे डिझाइन. इटलीतल्या आर्किटेक्टच्या नोंदवहीत वरच्या वर्गात जायचं तर एलएम-४ ही आर्किटेक्चरची पदवी लागते. वेबसाइटवर दोन्हीकडचे फोटो सारखेच सुंदर असतात, फरक त्या आकड्यात असतो. कन्सल्टन्सीवाले हा आकडा आपणहून सांगतीलच असं नाही. तो विचारून घ्यावा लागतो.

पोर्टफोलिओत नेमकं काय बघतात?

इथे बहुतेक अर्ज अडकतात. मार्क, इंग्रजीची परीक्षा, फी भरल्याची पावती हे सगळं लागतंच, पण निर्णय होतो तो पोर्टफोलिओवर.

आपल्याकडचा सरासरी पोर्टफोलिओ उघडला की राखाडी सोफा, टांगते दिवे, संगमरवरासारखी भिंत आणि खिडकीतून येणारं सोनेरी ऊन दिसतं. स्केचअपमध्ये मॉडेल, त्यावर रेंडर, झालं पान. क्लायंटला हे आवडतं, त्यात चूक काही नाही. पण निवड समितीसमोर अशा शेकडो बैठकीच्या खोल्या येतात आणि त्यातून अर्जदार विचार कसा करतो हे कळत नाही. आता तर अशी चित्रं एआय काही सेकंदांत काढून देतं, त्यामुळे त्यांची किंमत आणखी उतरली आहे. एआय वापरलं असेल तर विद्यापीठाचा नियम बघून तसं स्पष्ट लिहावं, लपवू नये.

समितीला हवा असतो प्रवास. जागेत अडचण काय होती, मोजमाप कसं घेतलं, पहिली कल्पना कुठे फसली, मग काय बदललं, प्लॅनसोबत सेक्शन आहे का. सेक्शन म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं रेखाचित्र. इंटिरिअर आर्किटेक्चरमध्ये सगळी गंमत तिथेच असते, आणि आपल्याकडच्या पोर्टफोलिओत नेमकं तेच नसतं.

गंमत म्हणजे मराठी विद्यार्थ्यांच्या आसपास याचं साहित्य भरपूर पडलेलं आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली घ्या, १६० चौरस फुटांची. त्यात एक अख्खं कुटुंब राहतं. सकाळी सातला त्या खोलीत काय चालू असतं? दुपारी? रात्री अकराला कोण पलंगावर, कोण खाली, कोण बाहेर गॅलरीत झोपतं? पोटमाळा कधी आणि कशासाठी बांधला गेला? मोरीची उंबरठ्याएवढी भिंत काय काम करते? एकाच खोलीचा प्लॅन दिवसाच्या चार वेळांना काढून शेजारी शेजारी मांडला तर ती चार पानं दहा गुळगुळीत रेंडरवर भारी पडतात. पुण्यातला किंवा साताऱ्यातला अर्धा पडका वाडा, तालुक्याच्या गावातलं बंद पडलेलं एकपडदा थिएटर, जुना गोदामवजा गाळा, यातलं काहीही चालतं. टेप घेऊन स्वतः मोजलेलं असलं पाहिजे, एवढंच. हाताने काढलेलं मोजमापाचं कच्चं पान, त्यावरच्या खाडाखोडीसकट, स्कॅन करून लावलं तरी बिघडत नाही.

ऑफिसात केलेलं काम टाकताना दोन गोष्टी पाळाव्यात. बॉसची परवानगी घ्यावी, लेखी असेल तर उत्तम. आणि प्रत्येक प्रकल्पाखाली स्वतःचा वाटा लिहावा: ‘मूळ कल्पना ऑफिसची, वर्किंग ड्रॉइंग आणि साइटवरची देखरेख माझी.’ असं लिहिल्याने किंमत कमी होते असं अनेकांना वाटतं. उलट साइटवर उभं राहून सुताराशी वाद घातलेला अर्जदार वेगळा उठून दिसतो.

पानांची, प्रतिमांची आणि फाइलच्या आकाराची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि ती पाळायची असते. पाच-सहा प्रकल्पांत सगळं बसवण्यापेक्षा तीनच नीट दाखवले तर वाचणाऱ्यालाही दम मिळतो.

उद्देशपत्र आणि शिफारसपत्र

उद्देशपत्राची सुरुवात ‘लहानपणापासून मला घर सजवायची आवड’ अशी झाली की वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच उडतं. त्यापेक्षा पोर्टफोलिओतल्या एका कामातून उरलेला प्रश्न लिहावा आणि तो याच विद्यापीठात का शिकायचा आहे ते सांगावं. शिफारसपत्राबाबत ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची जुनी पद्धत. आता बहुतेक विद्यापीठं थेट सरांच्या ईमेलवर लिंक पाठवतात, तेही शक्यतो कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर. तेव्हा सरांना तो मेल उघडता येतो ना, हे आधी बघितलेलं चांगलं.

पैसे कुठे वाचतात, कुठे अडकतात

रिझ्डीसारख्या अमेरिकी कलाशाळेची वर्षाची फीच ६० हजार डॉलरच्या वर जाते. मिलान पॉलिटेक्निक सरकारी आहे. तिथे फी वर्षाला जास्तीत जास्त साधारण ४ हजार युरोच्या घरात असते, आणि कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर सवलत आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीही मिळू शकते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण स्टटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात. स्टटगार्टच्या तांत्रिक विद्यालयात इंटिरिअर-आर्किटेक्चरल डिझाइनचं आंतरराष्ट्रीय मास्टर्स आहे, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. शिवाय जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. ते यायला वेळ लागतो, त्यामुळे प्रवेश मिळेपर्यंत थांबू नये.

शिष्यवृत्तीत एक मोठी मेख आहे. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमध्ये विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. आता लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि डिझाइनच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं पहिलं येतं, पण फक्त कला शिकवणारी संस्था असल्याने क्यूएसच्या सर्वसाधारण यादीत ते नसतं. म्हणजे विषयात जगात पहिलं, आणि शिष्यवृत्तीच्या कागदावर पंचाईत. सगळे विषय शिकवणारी मोठी विद्यापीठं आणि मिलानसारखी पॉलिटेक्निक इथे सोयीची पडतात. त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच यादी करावी.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विद्यापीठाला मेल करून विचारावा, कोर्सचा सीआयपी कोड कोणता? इंटिरिअर आर्किटेक्चरचा ०४.०५०१, इंटिरिअर डिझाइनचा ५०.०४०८. शिक्षणानंतर काम करायला साधारण १२ महिने मिळतात. सरकारच्या स्टेम यादीत ज्यांचा कोड आहे त्यांना वर आणखी २४. कोर्सच्या नावात ‘टेक्नॉलॉजी’ आहे की ‘स्टुडिओ’, यावर ते ठरत नाही, कोडवर ठरतं.

अमेरिकेतल्या अनेक मास्टर्सची मुदत जानेवारीच्या आसपास असते आणि वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर किती चकरा होतील याचा भरवसा नसतो. चाळीतली ती खोली मोजायचीच असेल तर गणपतीच्या सुट्टीत उरकलेली बरी. दिवाळीनंतर परीक्षांचे पेपर आणि ज्युरी सुरू होतात, आणि मग शिफारसपत्रासाठी सर सापडत नाहीत.