शिशाने सांधलेले रंग

आमच्या गिरगावातील घरात दिवाणखान्याच्या दारावर, अर्धवर्तुळाकार चौकटीत, निळ्या, तांबड्या व हिरव्या काचांचे एक जुने तावदान आहे. सकाळचे ऊन त्यातून उतरले की फरशीवर रंगांचा पट्टा पडतो. एका दिवाळीपूर्वी त्यातील काचा सांधणाऱ्या शिशाच्या काळवंडलेल्या पट्ट्या लखलखीत करण्याच्या उत्साहात मी त्या शिरक्याच्या पाण्याने पुसल्या, आणि काही दिवसांनी त्यांवर पिठासारखी पांढरी पूड चढलेली पाहून माझ्या काळजात चर्र झाले. ती पूड म्हणजे साक्षात सफेदा. शिशाला शिरक्याची वाफ देऊनच पूर्वी तो रंग तयार करीत, आणि तो विषारी आहे.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील भव्य गवाक्षे असोत की आमचे हातभर तावदान, रचनेचे तत्त्व एकच. शिशाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना खाच असते, तीत काचेची कड बसते, पट्ट्या जेथे मिळतात तेथे कथील व शिसे यांचा डाख दिलेला असतो, आणि उरलेल्या फटीत खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी भरलेली असते. काचेचा रंग तिच्या अंगातलाच. निळेपण बहुधा कोबाल्टचे, ते पाण्याने जाईल ही भीती निराधार होय. जपावयाचे ते शिसे, लांबी, आणि काचेवर कुंचल्याने काढून भट्टीत भाजलेल्या चेहऱ्यांच्या व वस्त्रांच्या काळपट रेषा. भाजणी कच्ची राहिली असेल तर त्या रेषा कापसाच्या कोरड्या बोळ्यालाही लागतात. बोळा किंचित काळा झाला की तेथे हात थांबवावा.

म्हणून लिंबू, चिंच, शिरका, अमोनिया असलेली फवारणीची द्रावणे, राख आणि भांडी घासण्याची पूड यांना या कामी सक्त मनाई असावी. प्रथम मऊ कुंचल्याने वरून खाली धूळ उतरवावी. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या जुन्या मलमलीने एकेक काच पुसावी, दुसरा हात मागून आधाराला ठेवावा, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पाणी थेट काचेवर कदापि शिंपडू नये, कारण ते पट्टीखाली शिरून लांबीला सैल करते. शिशाचा काळसर थर हे त्याचे कवच आहे, त्याला हात लावू नये. पांढरी पूड दिसल्यास ती ओल्या फडक्यानेच टिपावी, फडके टाकून द्यावे, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

तांब्याच्या पातळ फितीने जोडलेल्या दिव्याच्या छत्र्यांनाही हाच दस्तुर लागू. त्यांच्या डाखावर वर्षातून एकदा मेणाचा अगदी पातळ हात फिरवला तरी पुरे.

तावदान उतरवून ठेवण्याची वेळ आली, तर प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नये. त्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफही शिशाला शिरक्यासारखीच बाधते. फुगवटा आलेले तावदान दाबून सपाट करण्याचा मोहही आवरावा: शिसे वाकते, काच वाकत नाही, तडकते.

दर दिवाळीला मी प्रत्येक काचेवर नखाने अलगद टिचकी मारून ऐकतो. यंदा डाव्या कोपऱ्यातील हिरवी काच खुळखुळली. तिची लांबी सुटली असावी. कारागिराला बोलावणे धाडले आहे, आणि तो येईपर्यंत त्या दाराला जोराने आपटू नये असा हुकूम घरात जारी झाला आहे.