मातीतील जंतू व धातूचे सूक्ष्म कण

मालवण तालुक्यात पावसाळ्यात भाताच्या कुणग्यात पाणी साचून राहिले म्हणजे तांबड्या मातीचा रंग पालटतो. वरचा पातळ थर तांबूस राहतो. खालची माती उकरल्यास ती करडी, निळसर निघते. हे काम मातीतील जंतूंचे होय. हवा न मिळाल्यामुळे ते श्वसनासाठी मातीतील लोहाच्या संयुगांचा उपयोग करतात व न विरघळणारे लोह विरघळू लागते. तेच पाणी मेरेतून झिरपून उघड्यावर आले की त्यावर तांबूस तवंग धरतो.

जंतूंच्या ठिकाणी धातूचे रूप पालटण्याची जी शक्ती आहे, तिचा उपयोग आता प्रयोगशाळेतही करण्यात येतो. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी थर्मोमोनोस्पोरा नावाच्या जंतूंकडून सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार करून घेतले व ते काम २००३ साली प्रसिद्ध केले. कंपोस्टचा ढीग आतून तापतो, तेव्हा त्या उष्णतेत वाढणाऱ्या जंतूंपैकी हे होत. ५० अंश उष्णता त्यांना मानवते. जंतू पोषक द्रवात वाढवून, गाळून व धुऊन सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवले असता फिकट पिवळे द्रावण हळूहळू जांभळट झाले. क्षारातील सोने सुटे होऊन त्याचे सुमारे ८ नॅनोमीटर व्यासाचे कण बनले होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जंतूंची प्रथिने कणांभोवती राहून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. या रीतीत तीव्र रसायने टळतात. वेळ मात्र फार लागतो.

चांदीचे कणही असेच करता येतात, आणि शेतकऱ्याचा संबंध येतो तो येथे. चांदी रोगजंतू मारते, म्हणून जखमेच्या काही पट्ट्यांत ती घालतात. परंतु तिला शत्रू व मित्र असा भेद कळत नाही. भातामागून कुणग्यात येणाऱ्या कुळथाच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे रायझोबियम जंतू असतात. पुरेशी चांदी जमिनीत गेल्यास त्यांचाही नाश होतो. शिवाय चांदी कुजून नाहीशी होत नाही.

तेव्हा ‘नॅनो’ असे नाव असलेली बाटली कोणी विकावयास आणल्यास तीत कोणता धातू आहे हे आधी विचारावे. खत असल्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे व औषध असल्यास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्यास मान्यता आहे किंवा नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेष्टनावरून पडताळून द्यावे. शंका राहिल्यास वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात विचारणा करावी. रायझोबियम लावलेल्या बियाण्यास चांदीचे कण असलेला कोणताही द्रव लावू नये.