पाचगणीचा फरोख आणि आमची अर्धी गोष्ट

हूफडॉर्पच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात गाण्याचा तास मुलांच्या विशेष आवडीचा. मध्यंतरी आम्ही फ्रेडी मर्क्युरीचे गाणे लावले आणि ऐटीत सांगितले, "हा गायक आपल्या पाचगणीत शिकला, बरं का!"

ते खरेच आहे. मूळ नाव फरोख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारमधील पारशी कुटुंबात. आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तेथे तो पियानो वाजवी. सोबत्यांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंदही काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तीन देशांत वाढलेला हा मुलगा आमच्या विद्यार्थ्यांना आपल्यातलाच वाटला.

मग एकाने विचारले, "त्याचं लग्न झालं होतं का?" आम्ही "नाही" म्हणून घाईने पुढचे गाणे लावले. मागून एक मुलगी म्हणाली, "काका, त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं. आमच्या शाळेत सांगितलंय." आम्ही गप्प!

नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, आणि हा मान जगात पहिला. २०१२ पासून येथील शाळांना हा विषय शिकवावाच लागतो. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका तर आपल्या आजी-आजोबांनी डोळे भरून पाहिल्या. रंगभूमीवरची भूमिका वेगळी आणि आयुष्य वेगळे, हे मान्य. पण मग आमचे अडले कोठे? जिभेवरच!

वर्गातल्या एखाद्या मुलाला उद्या स्वतःविषयी हेच सांगायचे असेल, तर आमच्या गप्प बसण्यातून तो काय शिकला? मनातले डचमध्ये बोलावे. मराठीत, म्हणजे घरी, बोलू नये. अशी मराठी तो कशाला जपेल?

पुढच्या रविवारी आम्ही तेच गाणे पुन्हा लावले आणि राहिलेली गोष्ट सांगितली. फ्रेडी स्वतः याविषयी जाहीरपणे फारसे बोलला नाही. एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला, हेही सांगितले. मग फळ्यावर 'समलिंगी' हा शब्द लिहिला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. दोघांची वेलांटी चुकली, ती सुधारून दिली.

पालक मंडळींना याविषयी काय वाटते, ते त्यांनी अवश्य कळवावे.