दारिद्र्यनिवारण, आंतरराष्ट्रीय सहकार्याद्वारे

दारिद्र्य व सामाजिक वंचितता कमी करण्याच्या उद्देशाने राष्ट्रे परस्परांना किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत जे द्रव्यसाहाय्य, कर्ज, अन्नधान्य, तंत्रज्ञान व प्रशिक्षण देतात, तसेच समान उद्दिष्टे ठरवून जे करार करतात, त्या सर्वांचा समावेश या सहकार्यात होतो. दारिद्र्य म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्य व शिक्षण या किमान गरजा भागविण्याची असमर्थता. सामाजिक वंचितता ही याहून व्यापक कल्पना आहे. जात, लिंग, भूमिहीनता, अपंगत्व, वैधव्य वा स्थलांतर यांमुळे एखाद्या व्यक्तीस अगर समूहास समाजाच्या व्यवहारातून आणि निर्णयातून दूर ठेवले जाते, तेव्हा ती उद्‌भवते. रने लन्वार या फ्रेंच प्रशासकाच्या १९७४ मधील ग्रंथामुळे ही संज्ञा यूरोपीय धोरणविचारात रूढ झाली. महाराष्ट्राला मात्र ती नवी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली व १९२७ मध्ये बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू केले. दारिद्र्याचे मूळ केवळ उत्पन्नाच्या अभावात नसून बहिष्कारातही असते, हा विचार त्या नावांतच व्यक्त झाला होता.

इतिहास : पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेपासून या सहकार्याचा आरंभ मानता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील (१९४५) पंचावन्नाव्या अनुच्छेदाने उच्च राहणीमान, पूर्ण रोजगार आणि आर्थिक व सामाजिक प्रगती यांना चालना देणे हे संघटनेचे कर्तव्य ठरविले. सवलतीच्या दराने दीर्घ मुदतीची कर्जे देण्यासाठी जागतिक बँकेच्या छत्राखाली १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघ स्थापन झाला. ग्रामीण दरिद्री जनतेसाठी आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधी १९७७ मध्ये अस्तित्वात आला. संपन्न राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०·७ टक्के भाग विकाससाहाय्यार्थ द्यावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये मान्य केले; परंतु ते गाठणारी राष्ट्रे मोजकीच राहिली. कोपनहेगन येथील सामाजिक विकासविषयक जागतिक शिखर परिषदेत (मार्च १९९५) दारिद्र्यनिर्मूलन, पूर्ण रोजगार व सामाजिक एकात्मता ही तीन उद्दिष्टे प्रथमच एकत्र मांडण्यात आली. त्यानंतर २००० मध्ये सहस्रक विकास उद्दिष्टे व २०१५ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारण्यात आली. शाश्वत विकास उद्दिष्टांतील पहिले उद्दिष्ट २०३० पर्यंत दारिद्र्याचे सर्व रूपांत निर्मूलन करणे हे आहे. कोपनहेगनच्या परंपरेतील दुसरी परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे भरली.

मोजमाप : सहकार्य कोणासाठी, हे ठरविण्यास दारिद्र्यरेषेची गरज भासते. भारतात या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा घडवून आणण्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांच्या १९७१ मधील अभ्यासाचा वाटा मोठा आहे. जागतिक बँकेने २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा दरडोई दररोज ३ डॉलर (२०२१ च्या क्रयशक्तीनुसार) अशी निश्चित केली. तथापि कोणत्याही रेषेने वंचितता मोजता येत नाही. सारख्याच उत्पन्नाच्या दोन कुटुंबांपैकी एकास बँक कर्ज देते व दुसऱ्यास देत नाही, हा फरक त्या रेषेत दिसत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव : या सहकार्याची विविध रूपे मराठवाड्यात पाहावयास मिळतात. बालाघाटच्या डोंगररांगांतील व त्यांच्या पायथ्याचे तालुके प्रामुख्याने कोरडवाहू आहेत. नांदेड-लातूर मार्गावरील लोहा हा पूर्वी कंधार तालुक्यात असलेला भागही त्यांपैकीच होय. खरिपाचे एक पीक हाती लागले नाही, तर अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना ऊसतोडणीसाठी वा शहरांतील मजुरीसाठी गाव सोडावे लागते.

अन्नसाहाय्य हे सहकार्याचे सर्वांत जुने रूप. १९७२-७३ च्या दुष्काळात मिलो ही तांबडी ज्वारी परदेशातून आली. दुष्काळी कामांवरील मजुरांना सुकडी वाटण्यात आली. तिने उपासमार टळली. परंतु काम मागण्याचा हक्क मिळाला तो राज्याने स्वतः उभारलेल्या रोजगार हमी योजनेमुळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप देण्यात आले व पुढे केंद्र सरकारच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यास तिचा अनुभव उपयोगी पडला. मदत बाहेरून येऊ शकते, हक्क मात्र देशातच निर्माण करावा लागतो, हे यावरून दिसते.

पतपुरवठ्याच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीच्या साहाय्याने महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प (१९९४–२००२) राबविण्यात आला. आरंभीच्या चार जिल्ह्यांत पुणे, चंद्रपूर व यवतमाळ यांच्याबरोबर नांदेडचा समावेश होता. महिला आर्थिक विकास महामंडळाने (स्थापना १९७५) या प्रकल्पात बचत गट उभारले. गहाण ठेवण्यास जमीन नाही, म्हणून पत नाही, आणि पत नाही म्हणून सावकाराशिवाय गत्यंतर नाही, हे चक्र बचत गटाच्या सामूहिक हमीने काही अंशी मोडले. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रियांना प्रथमच बँकेच्या व्यवहारात स्थान मिळाले. याच निधीच्या कर्जसाहाय्याने २००७ ते २०१८ या काळात ‘तेजस्विनी’ कार्यक्रम चालला. त्यात गटांचे संघ करून ‘लोकसंचालित साधन केंद्रे’ स्थापण्यात आली. प्रकल्प संपल्यावरही गटांना आधार देणारी, सभासदांच्या मालकीची संस्था मागे राहावी, हा त्यामागील हेतू होता.

भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची अंमलबजावणी १९९२ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाली. जर्मन शासनाचा निधी, राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे (नाबार्ड) व्यवस्थापन आणि स्वयंसेवी संस्थांचे मार्गदर्शन असा त्याचा आकृतिबंध होता. स्विस जेझुइट धर्मगुरू हरमन बाखर हे त्याचे प्रवर्तक होत. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या अटी मान्य करणाऱ्या गावांचीच निवड होई. पाणलोटाच्या कामाने विहिरींची पातळी वाढते. परंतु विहीर ज्याची आहे, त्यालाच त्या पाण्याचा प्रत्यक्ष लाभ होतो. उलट चराईबंदीचा भार गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनांवर पडतो. म्हणूनच भूमिहीनांना श्रमदानातून सूट देणे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र उपजीविका योजणे आवश्यक ठरले. समाजाच्या सामूहिक हिताची योजनाही दुर्बलांना अधिक दुर्बल करू शकते, याचे हे उदाहरण होय.

किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात अधिकृत नोंदीनुसार सु. ८,००० लोक मृत्युमुखी पडले. पुनर्वसनासाठी आंतरराष्ट्रीय विकास संघाने १९९४ मध्ये कर्ज मंजूर केले. देशातील व परदेशातील अनेक संस्थांनीही घरे बांधून दिली. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरांचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदारांना २५० चौ. फूट, एक ते सात हेक्टरपर्यंत ४०० चौ. फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौ. फूट. मोठ्या शेतकऱ्यास बैलबारदाना व धान्य ठेवण्यास अधिक जागा लागते, असे या नियमाचे समर्थन करता येते. परंतु भूकंपाने क्षणार्धात सर्वांना समान केले होते, आणि जगभरातून आलेल्या द्रव्याने जुनी विषमता नव्या आराखड्यात पुन्हा रेखून दिली, हा आक्षेपही तितकाच सबळ आहे. ज्याचे नुकसान अधिक त्याला अधिक, की ज्याची गरज अधिक त्याला अधिक, हा प्रत्येक साहाय्ययोजनेपुढील मूलभूत प्रश्न आहे.

याच प्रकल्पाचा दुसरा भाग अधिक आशादायक ठरला. कमी हानी झालेल्या गावांत सु. दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांकडूनच करविण्यात आले. अनुदानाची माहिती देणे, बांधकामावर देखरेख ठेवणे व शासनाशी बोलणे यांसाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रियांची नियुक्ती झाली. चावडीवर पाय न ठेवलेल्या स्त्रिया अभियंत्यांना जाब विचारू लागल्या. पुढे इतर भूकंपग्रस्त प्रदेशांतही हा अनुभव उपयोगात आणला गेला.

अलीकडील काळात जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (२०१८ पासून) मराठवाडा व विदर्भातील सु. ५,००० गावांत राबविण्यात आला. हवामानबदलास तोंड देऊ शकणारी शेती हे त्याचे उद्दिष्ट असून भूमिहीनांसाठी शेळीपालन व परसातील कुक्कुटपालन यांचाही त्यात अंतर्भाव होता. अनुदान थेट बँकखात्यात जमा होत असल्याने मध्यस्थांना वाव राहिला नाही. मात्र खर्च आधी स्वतः करून नंतर परतावा घेण्याची पद्धत हाती रोकड नसलेल्या शेतकऱ्यास अडचणीची ठरते.

मर्यादा व मतभेद : आंतरराष्ट्रीय साहाय्य हे देणाऱ्या राष्ट्राच्या राजकारणावर अवलंबून असते. अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास संस्था जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि तिच्या आधारे चाललेले अनेक देशांतील कार्यक्रम थांबले. वंचिततेच्या व्याख्येवरही एकमत नाही. वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या (१९६५) देखरेख समितीने जन्माधिष्ठित भेदभावात जातीचा समावेश होतो असे २००२ मध्ये म्हटले, तर जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका राहिली. भारत आता केवळ साहाय्य घेणारा देश नाही. १९६४ पासून तो इतर विकसनशील देशांतील प्रशिक्षणार्थींना तांत्रिक शिक्षण देत आला आहे आणि ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांच्यासह २००४ मध्ये त्याने दारिद्र्य व भूक निवारणाचा निधी स्थापन केला आहे.

सारांश, राष्ट्राराष्ट्रांतील करार द्रव्य व ज्ञान सीमेपलीकडे नेऊ शकतात. परंतु ते गावाच्या वेशीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचते की नाही, हे ग्रामसभेत कोण बसते, यादी कोण करते आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव असते, यांवरून ठरते. मराठवाड्याच्या अनुभवानुसार, ज्या योजनांत वंचितांना केवळ लाभार्थी न मानता व्यवस्थापनात स्थान देण्यात आले, त्यांचेच फळ साहाय्याची मुदत संपल्यावरही टिकून राहण्याचा संभव अधिक असतो.