‘समानता’ म्हणजे काय? मुलांना समजेल चिठ्ठ्यांच्या खेळातून

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये 26 जानेवारी 2020 पासून परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचणं सक्तीचं आहे. ती पाठ होते, पण ‘समानता’ कळतेच असं नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरसारख्या धरणाच्या गावात हा शब्द पाण्यातून शिकवता येतो. मुलांनी डोळे मिटून लाल किंवा पिवळी चिठ्ठी उचलायची. पाणी फक्त पिवळ्या चिठ्ठीवाल्यांना. ‘हे बरोबर नाही!’ असं कुणी म्हणालं, की खेळ थांबवून सगळ्यांना पाणी द्यायचं आणि फळ्यावर लिहायचं: समानता.

मग खरी गोष्ट सांगायची. एकेकाळी जात बघून पाणी नाकारलं जायचं. म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. आज संविधानाच्या कलम 15 मुळे सार्वजनिक विहिरी-तलावांवर कुणालाही जातीवरून अडवता येत नाही.